67 ची मस्टँग की 69 ची कॅमेरो? दोन्ही एका गॅरेजमध्ये ठेवल्यावरचा अनुभव

1967 ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची) माझी, 1969 ची शेव्हरोले कॅमेरो एसएस (सुपर स्पोर्ट, म्हणजे जास्त दमदार आवृत्ती) मेव्हण्याची, पण त्याच्याकडे जागा नाही म्हणून दोन्ही इथे न्यू जर्सीत एडिसनला माझ्याच गॅरेजमध्ये, त्यामुळे एप्रिलपासून थंडी पडेपर्यंत आलटून पालटून दोन्ही चालवल्या.

चालवायला कॅमेरोच भारी, हे आधीच सांगून टाकतो. 350 घनइंचाचं व्ही-8 इंजिन, कागदावर 300 हॉर्सपॉवर (ग्रॉस आकडा आहे हां, म्हणजे नुसतं इंजिन गाडीबाहेर मोजलेला, आजच्या नेट आकड्यांशी तुलना करू नका), पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग. माझ्या मस्टँगला 289, 200 हॉर्सपॉवर, चारही चाकांना ड्रम आणि साधं स्टिअरिंग, शनिवारी ओक ट्री रोडला पार्किंग करताना हात भरून येतात.

पण कलेक्शनसाठी घेणार असाल तर मी मस्टँगच म्हणेन, कारण ती स्वतःची कुंडली सोबत घेऊन फिरते. माझा व्हीआयएन (गाडीवर कारखान्यात ठोकलेला ओळख क्रमांक) 7टी02सी ने सुरू होतो: 7 म्हणजे 1967, टी म्हणजे मेटचन प्लांट (जो खरं तर एडिसनमध्येच होता, 2004 ला बंद झाला, म्हणजे गाडी माहेरीच आली म्हणायची), 02 फास्टबॅक, सी म्हणजे टू-बॅरल (दोन तोंडांच्या) कार्ब्युरेटरचं 289. वर मार्टी रिपोर्ट (मार्टी ऑटो वर्क्सकडून मिळणारा गाडीच्या जन्माचा दाखला) मागवला की मूळ रंग, गिअरबॉक्स, ऑप्शन सगळं फोर्डच्याच रेकॉर्डमधून मिळतं. 69 च्या कॅमेरोचा व्हीआयएन इंजिनाबद्दल सहा सिलिंडर की व्ही-8 एवढंच सांगतो, एसएसचा पत्ताच नाही, त्यामुळे साध्या गाडीला बॅज लावून एसएस म्हणून खपवणारे भरपूर. मेव्हण्याला विकणाऱ्याने जाडजूड फाइल दिली होती, उघडली तर सगळी रिस्टोरेशनची बिलं, 69 सालचा एक कागद नाही, प्रोटेक्ट-ओ-प्लेट (नव्या गाडीसोबत मिळणारी वॉरंटीची धातूची पट्टी) पण गायब. शेवटी आम्ही दोघं टॉर्च घेऊन अल्टरनेटरमागे डोकं घालून इंजिनाच्या पॅडवरचं (नंबर ठोकलेल्या सपाट जागेवरचं) ग्रीस पुसत बसलो. नंबर व्हीआयएनशी जुळला, इंजिन कोडची शेवटची दोन अक्षरं पण 300 हॉर्सपॉवरवाल्या 350 चीच निघाली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

मस्टँगमध्ये मात्र गंज बघा, आणि तो वरून दिसत नाही. पुढच्या काचेखाली हवेची जाळी असते, तिच्या आतला पत्रा सडतो आणि पाणी थेट पायाशी येतं. बघायला जाल तेव्हा एकाला डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवं करा आणि जाळीत तांब्याभर पाणी ओता. मालक नको म्हणाला तर सरळ घरी या.