कॅप घासल्यावर पुन्हा ग्लेझ, की खुर्चीवरच पॉलिश?

लॅबमधून आलेली झिर्कोनियाची (कडक पांढऱ्या सिरॅमिकची) दाताची कॅप जराशी उंच लागली की बर, म्हणजे घासायचं टोक, फिरवावाच लागतो. प्रश्न त्यानंतरचा: घासलेली जागा ग्लेझ करायला, म्हणजे भट्टीत भाजून चकाकी चढवायला, परत पाठवायची, की रबर पॉलिशर घेऊन आपणच गुळगुळीत करायची? मी दोन्ही केलंय.

दिसण्यात ग्लेझ सरस. पुढच्या दातावर रंगकाम केलेलं असेल तर मी आजही कॅप लॅबलाच पाठवतो.

दाढेच्या बाबतीत मात्र माझं मत एका काकूंमुळे फिरलं. कॅप चिकटवल्यावर चावा पुन्हा तपासला, एक ठिपका घासला आणि त्यांना घरी सोडलं. पुढच्या वेळी आल्या त्या हेच सांगत, "डॉक्टर, जीभ सारखी तिथंच जाते हो." दाढ हवेने सुकवून पाहिली. सगळीकडे चकाकी आणि मधोमध खडूसारखा निस्तेज डाग, कडेने किटणाची पिवळट रेघ. चिकटवलेली कॅप भट्टीत घालता येत नाही. चावा शेवटी तोंडातच जुळवावा लागतो आणि नेमका तिथे ग्लेझचा उपयोग संपतो. मला हेच सर्वात खटकलं.

शिवाय ग्लेझ म्हणजे काचेचा पातळ थर. चावून चावून तो झिजतो, खालचा भाग आधी पॉलिश केलेला नसेल तर खरखरीत झिर्कोनिया उघडा पडतो आणि समोरच्या दाताचं इनॅमल खातो. खरखरीत जागी जंतूंना आसरा मिळतो, ब्रशही तिथे नीट पोचत नाही. १९९७ मध्ये बोलेन आणि सहकारी या दंतसंशोधकांनी मांडलेली ०.२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मर्यादा आपण सगळेच धरून चालतो: खरखरीतपणा त्याच्या वर गेला की किटण वाढतं, त्याखाली आणखी गुळगुळीत करून फारसा फायदा नाही.

पॉलिशला शिस्त मात्र हवी. जाड, मध्यम, बारीक हा क्रम पाळायचा, हात हलका ठेवायचा, तापू द्यायचं नाही. मधलं रबर गाळलं तरी चमक येते, पण ओरखडे तसेच राहतात. घाईत असाल तर हा पर्याय फसवा ठरू शकतो.

काकूंच्या दाढेवर मी तिन्ही रबरं फिरवली, शेवटी डायमंड पेस्ट. जीभ फिरवून म्हणाल्या, "आता कुठे होतं तेच सापडत नाही." तेव्हापासून दाढेच्या कॅपसाठी लॅबच्या चिठ्ठीवर लिहितो: चावायची बाजू पॉलिश, ग्लेझ फक्त गालाकडून.