म्युनिकच्या ॲडमिशनच्या नावाखाली माझे ५,७४,०१० रुपये गेले

"एवढी शिकलेली मुलगी, फसलीस कशी?" हा प्रश्न मला मामांनी, ऑफिसातल्या दोघींनी आणि एका हवालदाराने विचारून झालाय. तेव्हा तो पुन्हा विचारू नका. एजंटांची काचेची ऑफिसं, भिंतीवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे हसरे फोटो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे तसं मलाही माहीत होतं. तरी पैसे गेले. त्यातले तीन लाख आईचं सोनं गहाण ठेवून उचललेले होते.

मी कराडची. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स केलं आणि पुण्यात एका विमा कंपनीत प्रायसिंगच्या टीममध्ये अडीच वर्षं काम केलं. ॲक्चुरियलचे, म्हणजे विम्यातली जोखीम गणिताने मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या (ॲक्चुअरीच्या) परीक्षेचे, सीएस वन आणि सीएम वन हे पेपर नोकरी सांभाळून काढले. इथेच बाकीचे पेपर देऊन ॲक्चुअरी होता येतं, हे मला कोणी सांगायला नको. पण ऑप्शनचं गणित, स्टोकॅस्टिक प्रोसेसेस, बाजाराची जोखीम हे सगळं मला वर्गात बसून, पायापासून शिकायचं होतं. जर्मनीतल्या म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत 'मॅथेमॅटिकल फायनान्स अँड ॲक्चुरियल सायन्स' याच नावाचा मास्टर्स आहे. म्युनिक री आणि आलियान्झ या विम्यातल्या बड्या कंपन्या, दोन्हींची मुख्य कार्यालयं त्याच शहरात. युरोपात २०१६ पासून विमा कंपन्यांना सॉल्व्हन्सी टू, म्हणजे दावे फेडायला किती भांडवल राखायचं ते ठरवणारे नियम, लागू आहेत, आणि मला नेमकं त्याच कामात पडायचं होतं. हे काही परदेशाचं खूळ नव्हतं. दोन वर्षं विचार करून ठरवलेलं होतं.

एजंटकडे का गेले? कारण सकाळी साडेआठला निघून रात्री आठला घरी येणाऱ्या माणसाला एखादी तारीख हुकायची भीती असते. शिवाय ओळखीतल्या एका मैत्रिणीचा चुलतभाऊ याच ऑफिसमार्फत खरोखरच जर्मनीला गेलेला होता. मी फोनवर त्याच्याशी बोलले होते. म्हणजे चौकशी केली नाही असं कोणी म्हणू नये.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रजिस्ट्रेशनचे २५,००० भरले. जानेवारीत 'एपीएस आणि डॉक्युमेंटेशन' म्हणून ३८,५००. एपीएस म्हणजे आपल्या पदव्या खऱ्या असल्याचं प्रमाणपत्र. भारतीय विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे आणि त्याची फी १८,००० रुपये आहे. अर्ज स्वतः करता येतो. जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेची पहिल्या अर्जाची फी ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाची ३०. हे सगळं उघड लिहिलेलं असतं. एजंटने आकडा सांगितला की आधी मूळ जागी जाऊन मूळ आकडा बघा, मग खिशात हात घाला.

माझ्या नावाचा ईमेल त्यानेच उघडला, पासवर्ड त्याच्याकडे. "मॅडम, तुम्ही नोकरी सांभाळा, पोर्टल आम्ही सांभाळतो." मला बरंच वाटलं. स्वतःच्या अर्जाचा लॉगिन दुसऱ्याच्या हातात देऊ नका, सख्ख्या भावाच्याही नको. आणखी एक. असल्या गणिताच्या मास्टर्सना तिथे तुमच्या बी.एस्सी.चा एकेक विषय तपासतात, कुठल्या विषयात काय शिकलात ते लिहून द्यावं लागतं. या माणसाने माझा सिलॅबस एकदाही मागितला नाही. मागत नाही म्हणजे अर्जच करत नाहीये, हे मला आत्ता कळतं.

आता त्या संध्याकाळबद्दल. ११ जून २०२५. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. मी ओट्यापाशी उभी होते, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. वर विद्यापीठाचा निळा लोगो, खाली माझं नाव, अगदी बरोबर. हात थरथरत होते. मी गॅस बंद केला आणि बाबांना फोन लावला. बाबा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ते फोनवर काहीच बोलले नाहीत, नुसते नाक ओढत राहिले.

मग मी ते पत्र नीट वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,२०८ युरो (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच या खात्यात भरावे लागतात, तिथे गेल्यावर ते दरमहा मिळतात). म्हणजे महिना ९३४. आणि माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर, माझ्याच अक्षरात, तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं होतं: महिना ९९२, वर्षाचे ११,९०४. सप्टेंबर २०२४ पासून आकडा बदललेला होता. ९३४ हा त्याआधीचा. जुन्या कुणाच्या तरी पत्रावर माझं नाव चिकटवलेलं होतं, आणि ते ओळखायला एक भागाकार पुरे होता. सीएम वनचा सगळा पेपरच मुळी 'दरमहा इतके, बारा महिने, आज किती लागतील' याच्यावर असतो. मी तो पहिल्या प्रयत्नात काढलेला आहे. आकडे जुळत नाहीत हे मला दिसलं. दिसलं नाही असं नाही. मी त्याला विचारलं. एका मिनिटात उत्तर आलं: "मॅडम, युनिव्हर्सिटी कोट्यात जुना रेट मिळालाय." आणि मी काय केलं? ६९६ युरोला ९७.५० ने गुणलं आणि ६७,८६० रुपये वाचले म्हणून खूश झाले.

ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम जर्मन सरकार ठरवतं. कुठल्याही विद्यापीठाचा तिच्यात कोटा नसतो. हे पाठ करून ठेवा.

त्याच पत्रात ट्यूशन फी शून्य लिहिली होती. हे विद्यापीठ २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या मुलांकडून फी घेतं, मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० किंवा ६,००० युरो. मी ते ऐकलं होतं. तो म्हणाला स्कॉलरशिप आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे इतकी वर्षं ऐकत आलोय की शून्य बघून धक्का बसत नाही, उलट बरं वाटतं. धक्का बसायला हवा होता.

मग 'सीट कन्फर्मेशन' १,५०० युरो, म्हणजे १,४६,२५०. आणि ब्लॉक्ड अकाउंटचा 'पहिला हप्ता', एक तृतीयांश, ३,६४,२६०. त्या अकाउंटला हप्ते नसतात, आणि ते तुमच्या स्वतःच्या नावावर उघडतं. मी हे पैसे एनईएफटीने कुठल्याशा बाईच्या बचत खात्यात टाकले, "आमच्या पार्टनर आहेत" म्हणून. परदेशात पैसे पाठवताना बँक ए-टू फॉर्म भरून घेते, पॅन मागते, कशासाठी ते विचारते. तुमच्याकडून कोणी ए-टू फॉर्म भरून घेतला नसेल तर तुमचे पैसे देशाबाहेर गेलेलेच नाहीत. माझे बहुधा पुणे जिल्ह्याबाहेरही गेले नसतील.

जुलैच्या एक तारखेला मी राजीनामा दिला. एपीएसचं सर्टिफिकेट मागितलं की "कुरियरमध्ये आहे". ४ ऑगस्टला मी माझ्या स्वतःच्या मेलवरून विद्यापीठाला पत्रावरचा अर्ज क्रमांक कळवला. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: या क्रमांकाचा कुठलाही अर्ज आमच्याकडे नाही. ९ तारखेला ऑफिसला कुलूप.

इथून पुढचं लिहिताना माझं डोकं जास्त तापतं.

विद्यापीठाचं उत्तर आलं त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पैसे जूनमध्ये गेलेत म्हटल्यावर पलीकडून "ताई, उशीर झाला". उशीर मला कळायला झाला हो, कळल्यावर मी एक तास थांबले नाही! पोलीस स्टेशनला गेले तर पैसे ऑनलाइन गेलेत म्हणून सायबरला जा. सायबरला गेले तर माणसाला समोरासमोर भेटला होतात, ऑफिसमध्ये बसला होतात, म्हणजे हे सायबर नाही, स्टेशनला जा. अशा पाच फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला बाबा कराडहून पहाटेच्या एसटीने आले. त्यांना बाकावर अडीच तास बसवून ठेवलं आणि मग साहेब म्हणाले, "तुम्ही स्वखुशीने दिलेत ना पैसे? मग ही दिवाणी बाब आहे." खोटं प्रवेशपत्र बनवून पैसे उकळणं दिवाणी कधीपासून झालं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) मी छापून नेलं होतं. ते त्यांनी हातातही घेतलं नाही. वर "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका."

बँकेने अकरा दिवसांनी कळवलं की त्या खात्यात २,१४० रुपये शिल्लक आहेत आणि ते गोठवलेत. खातेदार कोण, ते सांगणार नाही, गोपनीयता. माझे पैसे घेणाऱ्याची गोपनीयता! नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. शिकायला पाठवणाऱ्याला ती लागत नाही. म्हणजे चहाच्या टपरीला परवाना हवा, आणि पोरांच्या आयुष्याचा सौदा करणाऱ्याला नुसता गाळा भाड्याने मिळाला की झालं. शेवटी ओळखीच्या एका वकिलांनी वरिष्ठांकडे लेखी अर्ज द्यायला लावला, तेव्हा डिसेंबरमध्ये एफआयआर झाला. चार महिने. तक्रार तोंडी करत बसू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, त्याने माझं निम्मं चॅट पुसलं होतं. ग्राहक आयोगात वेगळी तक्रार घातली आहे. पाच लाखांच्या वर रक्कम म्हणून २०० रुपये फी लागली. जीएसटीचं बिल विचारलं, तर माझ्याकडे होत्या नुसत्या हाताने लिहिलेल्या दोन पावत्या.

एपीएसचा अर्ज या वेळी मी स्वतः केला, १८,००० रुपये भरून. कागद जमवायला तीन रविवार लागले. फक्त तीन.

एफआयआरची प्रत आणल्यानंतर आठवड्याने मी त्या इमारतीत गेले. काचेचं दार तेच, पाटी नवी, नाव नवं, रिसेप्शनवरचा मुलगा मात्र तोच. सोफ्यावर एक बाई आणि त्यांचा मुलगा बसले होते, मांडीवर निळी फाइल. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि माझं काय झालं ते मोठ्याने सांगितलं. वॉचमनने दंड धरून मला बाहेर काढलं. मी जिन्यात पोहोचले तेव्हा त्या बाई मुलाचा हात धरून मागोमाग खाली आल्या. पंचवीस हजार त्यांनी सकाळीच भरले होते.