किनारी भूरूपे शिकवताना: क्षेत्रभेट की उपग्रह प्रतिमा?

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना तरंगघर्षित मंच, सागरी कडा आणि गुहा समजावून देण्यासाठी हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गाइतके चांगले ठिकाण कोकणात क्वचितच सापडेल. कारण तेथे लाटांनी तासलेला मंच पायाखाली असतो आणि कड्यावरील मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे विद्यार्थी बोटांनी चाचपू शकतात. मात्र सहल तिथी पाहूनच ठरवावी. अमावास्या-पौर्णिमेला दुपारच्या सुमारास भरती असते, त्यामुळे मंच पाण्याखाली जातो आणि ती वाट धोक्याची ठरते. अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी मिळते. (सहलीची तारीख बहुधा बसच्या सोयीनेच ठरते, हा भाग वेगळा.)

किनारा व्यवस्थापन शिकवताना मात्र माझा कौल उपग्रह प्रतिमांना आहे. कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये पसरलेली देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी वेगवेगळ्या वर्षांच्या प्रतिमांत शेजारी शेजारी ठेवली, की वाळूची हालचाल आणि वस्तीची दाटी एकत्र दिसते. मग धूपप्रतिबंधक बंधारा घरे वाचवतो, पण परतणाऱ्या लाटांमुळे त्याच्या पुढची पुळण का खचू शकते, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतात. एका दिवसाच्या भेटीत हा कालक्रम दिसणे शक्य नाही.