जेकब रीसचं पुस्तक : घ्या, पण प्रत बघून घ्या

आधी कामाचं. जेकब रीसचं ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांवरचं फोटोंचं पुस्तक मागवणार असाल तर पानं उघडून बघितल्याशिवाय मागवू नका. पुस्तक १८९० चं, कॉपीराइट कधीच संपलेला, त्यामुळे ज्याला सुचेल तो छापतो. मला आलेल्या पहिल्या प्रतीत चित्रांच्या जागी काळे डाग होते. जुनं छापील पान स्कॅन करून तेच परत छापलेलं. ठिपक्यांवर ठिपके चढले की पानभर जाळी उमटते, तशी ती उमटलेली. “परत करू या, आजोबा,” म्हणत नातीने फोनवर दोन बटणं दाबली आणि चार दिवसांनी माणूस येऊन घेऊनही गेला. दुसरी प्रत साडेअकराशेला पडली. हिच्यात न्यूयॉर्कच्या शहर संग्रहालयात असलेल्या रीसच्या संग्रहातली शंभर छायाचित्रं आहेत. पुढचं सगळं हिच्याबद्दल.

ठिपक्यांबद्दल एवढं बोलतो कारण आयुष्य त्यांच्यात गेलं. छापखान्यात ब्लॉक डिपार्टमेंटला होतो. आधी झिंकचे ब्लॉक, पुढे ऑफसेटचा कॅमेरा. फोटो हातात आला की तो कशाचा आहे ते नंतर बघायचं, आधी काळा किती भरेल ते बघायचं, ही सवय अजून गेलेली नाही. म्हणून सांगतो, १८९० च्या मूळ आवृत्तीतसुद्धा हे फोटो धड दिसत नव्हते. हाफटोन, म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापायची रीत, तेव्हा नवा होता. सतरा चित्रं हाफटोनमध्ये आली तीही धुरकट, बाकीच्यांची चित्रकाराकडून रेखाटनं करून घेतली. त्याआधी १८८८ च्या फेब्रुवारीत ‘सन’ या वर्तमानपत्रात आली तीही रेखाटनंच. खरे फोटो बघितले ते चर्चमध्ये वगैरे त्याच्या व्याख्यानाला बसलेल्यांनी, काचेच्या स्लाइडवरून पडद्यावर. म्हणजे साडेअकराशेत आपल्याला जे बघायला मिळतं, ते त्या काळच्या वाचकाला मिळालं नव्हतं. पैसे मला इथेच वसूल वाटले.

रीस मूळचा डेन्मार्कमधल्या रीबे गावचा, सुतारकाम शिकलेला. १८७० मध्ये अमेरिकेत गेला, तिथे उपाशी राहिला, पोलीस ठाण्यातल्या निराश्रितांच्या खोलीत झोपला. १८७७ पासून ‘ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राचा पोलीस रिपोर्टर. मलबेरी स्ट्रीटला पोलीस मुख्यालयासमोरच कचेरी. दहा वर्षं तो टेनेमेंटबद्दल, म्हणजे तिकडच्या भाड्याच्या चाळींबद्दल लिहीत होता, पण कुणी हललं नाही. फोटो काढावा तर आतल्या खोल्यांना खिडकीच नाही. पंचवीस फूट रुंद, शंभर फूट लांब प्लॉट, त्यात मागेपुढे जेवढं घुसवता येईल तेवढं घुसवलेलं. उजेड फक्त टोकाच्या खोल्यांना. मग १८८७ मध्ये जर्मनीतून बातमी आली की मॅग्नेशियमची पावडर पेटवून अंधारात फोटो निघतो.

सुरुवातीला ही पावडर पिस्तुलासारख्या यंत्रातून उडवायची. मध्यरात्री चार-पाच अनोळखी माणसं दारात, हातात पिस्तूल, आणि धाडकन उजेड! लोक खिडकीतून पळायला लागले. मग रीसने तवा आणला. तळणीच्या तव्यावर पावडर ठेवून पेटवायची. म्हणे हे जास्त घरगुती वाटतं. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या माळ्यावर फोटो काढताना भिंतीवरच्या कागदाला आग लागली. आतल्यांना दिसत नाही, जिना मोडका, आणि हा एकटा आग विझवतोय. खाली येऊन पोलिसाला सांगितलं तर तो हसायला लागला. हे घर मागच्या हिवाळ्यात सहा वेळा पेटलं होतं, पण भिंतींवर मळच इतका की आग गुदमरून विझायची. ही हकिकत पुस्तकातच आहे. मी मोठ्याने वाचून दाखवली. घरात कुणी हसलं नाही.

आता तो फोटो, ज्याच्यासाठी पुस्तक घ्यावं. बेयार्ड स्ट्रीट, १८८९, रात्रभराच्या जागेला माणशी पाच सेंट. तेरा फूटसुद्धा लांबी-रुंदी नसलेल्या खोलीत बारा माणसं झोपलेली, बाया आणि पुरुष मिळून. पेट्या, गाठोडी, बूट, भांडी. भिंग लावून बघितलं तर चेहऱ्यांवर राग नाही, भीती नाही, नुसती झोपमोड. दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या तोंडावर कुणी बॅटरी मारली की होतो तसा चेहरा. माझं लहानपण लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत गेलं. आम्ही आठ, शिवाय गावाकडचे दोघे गॅलरीत वळकटी टाकून. रात्रपाळीचा माणूस सकाळी आला की उठलेल्याच्या उबदार अंथरुणात शिरायचा. हा फोटो मी बराच वेळ बघत बसलो. बायको मागून आली, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, “मोरी कुठाय ह्यांची?” रीसच्या तीनशे पानांत हा प्रश्न इतक्या सरळ कुणी विचारलेला नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. ही खोली एवढी लख्ख तिथे राहणाऱ्यांनीही कधी बघितली नसणार. त्यांच्याकडे मिणमिणता रॉकेलचा दिवा. कोपऱ्यातला मळ, छताची पोपडी, शेजाऱ्याचे फाटके बूट हे त्यांना चाचपून माहीत. दिसलं ते पडद्यासमोर बसलेल्यांना.

तक्रारी आहेत. मजकूर वाचताना दात खावे लागतात. चिनी असे, ज्यू तसे, इटालियन कसे, असं एकेका जमातीला एकेक प्रकरण देऊन शिक्के मारलेत. घरमालकांवर तुटून पडतो तेव्हा वाचवतं, चायनाटाऊनमध्ये शिरला की पुस्तक मिटावंसं वाटतं. फोटोंमधली गल्लीत झोपलेली पोरं खरी झोपलेली नाहीत, सोंग करून बसवलेली आहेत. बसवून काढलेला फोटो आमच्या छापखान्यात रोजचा होता, मला त्याचा धक्का नाही. पण खाली तसं लिहिलेलं बरं. ‘बँडिट्स रूस्ट’ हा गल्लीचा गाजलेला फोटो बहुधा रीसच्या हौशी मित्रांनी काढला, नाव मात्र त्याच्या एकट्याचं. आणि छपाई : या प्रतीत काळे जरा जास्त भरलेत, सावलीतलं काही बुजलंय. पाचात चार देईन.

उपयोग झाला का विचाराल, तर झाला. थिओडोर रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तो, न्यूयॉर्कचा पोलीस कमिशनर झाल्यावर रीस त्याला रात्री फिरवायचा, आणि जिथे स्वतः झोपला होता तसल्या पोलीस ठाण्यातल्या खोल्या १८९६ मध्ये बंद झाल्या. मलबेरी बेंडची वस्ती पाडून १८९७ मध्ये बाग झाली. उद्घाटनाचं आमंत्रण रीसला नव्हतं. घरबांधणीचा कडक कायदा १९०१ मध्ये आला. फोटोंच्या काचा मात्र क्वीन्समधल्या घराच्या माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या; १९४० च्या दशकात शोधून काढल्या म्हणून हे पुस्तक असं छापता आलं.

मजकूर फुकट वाचायला इंटरनेटवर मिळतो, त्यासाठी पैसे घालू नका. विक्रेत्याला एवढंच विचारा : फोटो किती, आणि कशावरून छापलेत? ‘सचित्र’ असं उत्तर आलं तर राहू द्या.