रेंडरडॉक: हरवलेला त्रिकोण शोधताना, काही महिन्यांच्या वापरानंतर

ओपनजीएल (ग्राफिक्स काढण्यासाठीचा प्रोग्रामिंग इंटरफेस) नव्याने शिकणाऱ्यांचे प्रोग्राम तपासायचं काम माझ्याकडे असतं. तक्रार बहुतेक वेळा एकच: कोड कंपाइल होतो, एरर येत नाही, पण विंडो रिकामी.

एरर न येणं हीच इथली खरी पंचाईत. पडद्याच्या बाहेर काढलेला त्रिकोण हाही जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या, लेखी रीतसर काढलेला त्रिकोणच असतो. ओपनजीएल ४.३ पासून मिळणारा डीबग कॉलबॅक (चूक झाली की आपोआप बोलावलं जाणारं फंक्शन) मी सगळ्यांना आधी लावायला सांगतो, पण तो फक्त नियम मोडल्यावर ओरडतो. तुम्हाला काय काढायचं होतं, हे त्याला कुठून कळणार?

म्हणून रेंडरडॉक, म्हणजे ग्राफिक्स प्रोग्रामची एक फ्रेम पकडून आतून तपासू देणारं साधन. फुकट आहे, एमआयटी परवान्याखाली ओपन सोर्स आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतं. प्रोग्राम त्याच्यातून सुरू करायचा, एफ१२ दाबायचं, की त्या एका फ्रेममध्ये जे जे घडलं ते सगळं कॅप्चर होतं. मग इव्हेंट्सची यादी उघडायची. त्यात ड्रॉ कॉलच (आकृती काढण्याची आज्ञा) दिसत नसेल किंवा इंडेक्सची (काढायच्या बिंदूंच्या क्रमांकांची) संख्या शून्य असेल, तर शेडरकडे (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे) बघण्यात अर्थ नाही, सरळ सी++ कोडकडे वळायचं.

मला सर्वात जास्त उपयोग झाला तो मेश व्ह्यूअरचा. एका तक्त्यात व्हर्टेक्स शेडरमध्ये (आकृतीच्या प्रत्येक व्हर्टेक्सची, म्हणजे कोपऱ्याच्या बिंदूची, जागा ठरवणारा शेडर) शिरणारे आकडे, दुसऱ्यात बाहेर पडणारे. पहिल्या तक्त्यात एकाच व्हर्टेक्सचे दोन आकडे आणि पुढे सगळं ओसाड, असं दिसलं की मी न विचारता सांगतो: अ‍ॅरे फंक्शनला पाठवून आत साइझऑफ (बाइटमधला आकार) घेतलंय. तिथे अ‍ॅरेचा नाही, पॉइंटरचा आकार मिळतो. ६४ बिटवर ८ बाइट, म्हणजे जेमतेम दोन फ्लोट. आत जाणारे आकडे ठीक आणि बाहेर सगळीकडे शून्य असेल, तर बिंदूंची जागा बदलणारं मॅट्रिक्स शेडरपर्यंत पोचलेलंच नाही. युनिफॉर्मच्या (शेडरला बाहेरून द्यायच्या किमतीच्या) नावात एक अक्षर चुकलं तर लोकेशन, म्हणजे त्याचा क्रमांक, −१ मिळतं, आणि −१ ला दिलेली किंमत ओपनजीएल मुकाट्याने सोडून देतं. या मुकेपणाचा मला अजूनही राग येतो.

बाहेरच्या तक्त्यात एक्स, वाय, झेड हे −डब्ल्यू ते +डब्ल्यू (डब्ल्यू म्हणजे स्थानाचा चौथा आकडा) यांच्या आत आहेत का, एवढंच पाहायची सवय लावली तरी पुष्कळ काम होतं. डब्ल्यू ऋण असेल तर वस्तू कॅमेऱ्याच्या पाठीमागे आहे.

यातला सगळ्यात मजेदार प्रकार जीएलएम या गणिती लायब्ररीच्या पर्स्पेक्टिव्ह फंक्शनचा (कॅमेऱ्याचा दृष्टिकोन ठरवणारं). त्याला कोन रेडियनमध्ये लागतो, मुलं अंशात देतात. गंमत म्हणजे ४५ दिले तर चित्र जवळजवळ बरोबर दिसतं! आत अर्ध्या कोनाचा टॅन घेतला जातो: टॅन(२२.५ रेडियन) साधारण ०.५६ येतो, म्हणजे सुमारे ५८ अंशांच्या कोनासारखा परिणाम. त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. पुढे हौसेने ४५ चे ६० केले की टॅन(३० रेडियन) म्हणजे सुमारे −६.४: आकृती उलटी होते आणि अपेक्षेच्या अकराव्या हिश्शाएवढी उरते. ‘कालपर्यंत चालत होतं’ म्हणणाऱ्यांमध्ये हे एक नक्की असतं.

बाहेर पडणारे आकडेही बरोबर असतील तर टेक्स्चर व्ह्यूअरमधले ओव्हरले, म्हणजे चित्रावर चढवायचे रंगीत थर. डेप्थ टेस्टचा (आधी काढलेल्या गोष्टीच्या मागे आहे का, ही खोलीची तपासणी) ओव्हरले लावला आणि आकृती लाल झाली, तर ती डेप्थ टेस्टमध्ये नापास झाली आहे. बहुधा दर फ्रेमला डेप्थ बफर पुसायचं राहिलेलं असतं. मागील फ्रेमचीच खोली तिथे बसून राहते, आणि डीफॉल्ट तुलना ‘पेक्षा कमी’ असल्याने तीच खोली पुन्हा आली तरी चालत नाही. बॅकफेस कलचा (पाठमोरे त्रिकोण गाळण्याचा) ओव्हरले लाल झाला, तर व्हर्टेक्सचा क्रम घड्याळाच्या दिशेने दिलेला असतो. हायलाइट ओव्हरलेने काळ्यावर काळं काढलेलंही पकडलं जातं. हसू नका, हे नेहमीचं आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ओपनजीएलमध्ये फक्त कोअर प्रोफाइल (जुनी फंक्शन्स वगळलेला प्रकार) चालतं, ३.२ किंवा त्यापुढचं. जीएलबिगिन-जीएलएंड या जुन्या पद्धतीवर शिकवणारे अभ्यासक्रम अजून आहेत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना याचा काडीचा उपयोग नाही. प्रोग्रामच्या विंडोवर रेंडरडॉक दाखवतं त्या पट्टीत कॅप्चर बंद असल्याचं लिहून येतं, एवढंच. जीएलएफडब्ल्यू (विंडो उघडून देणारी लायब्ररी) वापरत असाल तर आवृत्ती आणि कोअर प्रोफाइलचे हिंट्स आधी द्या. मॅकवाल्यांसाठी अधिकृत आवृत्ती नाही. शिवाय पहिल्यांदा उघडल्यावर इतक्या चौकटी अंगावर येतात की नवखा माणूस बिचकतो. मी पाइपलाइन स्टेटची (जीपीयूच्या सगळ्या सेटिंग्ज दाखवणारी) चौकट सुरुवातीला बंदच करायला सांगतो.

दुरून मदत करणाऱ्यांना मात्र याची कॅप्चर फाइल वरदान आहे. पूर्वी लोक स्क्रीनशॉट पाठवायचे, तेही रिकाम्या विंडोचे. आता ती एक फाइल मागवतो, प्रोजेक्ट बिल्ड न करता माझ्या मशीनवर उघडतो, आणि कोणता ड्रॉ कॉल पाहायचा तो क्रमांक कळवतो. कोड दुरुस्त त्यांचा त्यांनीच करायचा.