“छताला ठिपकाही लागणार नाही” म्हणाला आणि ३४,५०० रुपये घेऊन गेला

सांगलीत विश्रामबागला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. घटस्थापनेच्या आधी भिंती रंगवून घ्यायच्या होत्या. फक्त भिंती. वरच्या फ्लॅटची गळती काढल्यावर छत दीड वर्षापूर्वीच पांढरं करून घेतलं होतं आणि ते स्वच्छ होतं. हे आधीच सांगते, कारण सगळा डाव त्या छतावरच होता.

सोसायटीत कार्ड वाटून गेलेला माणूस. बोलायला गोड, प्रत्येक वाक्याला ताई. घरात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य, “सिलिंग मस्त आहे ताई तुमचं, ह्याला ठिपकासुद्धा लागू देणार नाही.” मोबाइलवर कामाचे फोटो दाखवले, छताशी रेघ कशी पट्टी लावून मारल्यासारखी. ते फोटो कुणाच्या कामाचे होते देव जाणे. मालासकट ४१,००० ठरले. ॲडव्हान्स १५,००० मी फोनवरून पाठवले. तिसऱ्या दिवशी सकाळी “कलरचा माल उचलायचाय” म्हणून आणखी १२,०००.

आणि त्याच सकाळी मला कळायला हवं होतं. मी विचारलं, “छताच्या कडेला टेप नाही लावत?” तर हसून म्हणाला, “टेप नवशिक्याला लागते ताई, आमचा हात बसलाय.” मी गप्प बसले. मिरजेला माझ्या माहेरी रंग द्यायला येणारे म्हातारे पेंटरमामा मी लहानपणी तासन् तास बघितलेत. तेही टेप लावायचे नाहीत, पण हातात दोन इंची ब्रश असायचा. ब्रशचं फक्त टोक रंगात बुडवायचं, डब्याच्या काठावर निथळायचं, छताच्या जरा खाली टेकवून हलकेच वर न्यायचं आणि श्वास रोखून हातभर रेघ एका दमात ओढायची. याला कटिंग म्हणतात. चारी बाजूंनी कटिंग झाल्याशिवाय त्यांनी रोलर कधी हातात घेतला नाही, आणि घेतला तरी तो छतापासून दोन-तीन बोटं खालीच थांबायचा. इथे दोन पोरं आली होती, त्यांच्याकडे दोन रोलर होते आणि ब्रश एकही नव्हता. मला हे दिसत होतं! दिसूनही मी डबा भरून ऑफिसला गेले, याचा राग अजून जात नाही.

पण मी तरी काय करणार होते? नवरा कुपवाड एमआयडीसीत, त्या आठवड्यात पहिली शिफ्ट. लेकीची सहामाही. घरातलं सगळं सामान हॉलच्या मधोमध ढीग करून ठेवलेलं आणि चार दिवसांवर घट.

दुपारी घरी आले तर हॉलच्या आणि दोन्ही बेडरूमच्या छताला चारी बाजूंनी निळे फराटे, कुठे वीतभर, कुठे त्याहून जास्त. पंख्याजवळसुद्धा ठिपके. तो शांतपणे म्हणाला, “जुनं छत आहे ताई, आता त्यालाही दोन हात मारावे लागतील. ७,५०० वेगळे.” घट तोंडावर, म्हणून तेही दिले. पांढरा रंग आणतो म्हणून जो गेला तो गेलाच. सहा वाजता पोरंही “मालक सांगतील” म्हणून निघून गेली. एकूण ३४,५००.

बाकीचं नंतर कळलं. भिंतीवरून ओलं फडकं फिरवलं तर फडकं निळं झालं. धुता येणारा इमल्शन सांगून स्वस्त डिस्टेंपर मारला होता. बादली नामांकित कंपनीची, पण आत पेंटरसाठी कंपनी ठेवते ते बक्षिसाचं टोकन आधीच काढलेलं, म्हणजे बादली आधीच उघडलेली. बादलीचं सील आपल्या डोळ्यांसमोर तोडायला लावा, एवढं तरी कराच.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, “ही दिवाणी बाब आहे.” मी म्हटलं, काम करायचंच नव्हतं आणि पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय, हेही मीच सांगितलं. दुसऱ्या खेपेला “साहेब बंदोबस्ताला गेलेत.” तिसऱ्या खेपेला अर्ज ठेवून घेतला, पण पोच मागितली तर माझ्याकडे असं बघितलं की जणू चोर मीच. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, तर बिल आणि दुकानाचा पत्ता मागितला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, हे खरं. पण नोटीस पाठवायची कुठे? माझ्याकडे एक कार्ड आणि एक मोबाइल नंबर. चार ठिकाणी चार अर्धे दिवस रजा गेली आणि प्रत्येक जण मलाच विचारतो, “बिल का घेतलं नाही?” त्याला शोधायचं सोडून मलाच उलटतपासणी! म्हणून सांगते, पाच रुपये देण्याआधी आधार कार्डाची झेरॉक्स आणि सहीचा कागद घ्या. पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते. मी रजिस्टर्ड पाठवली आहे, पावती जपून ठेवली आहे.

शेवटी ओळखीच्या पेंटरकडून हॉल नव्याने करून घेतला, ९,८०० वेगळे गेले. त्याने आधी छत उरकलं, ते पूर्ण वाळू दिलं, मग कडेला टेप लावून पुट्टीच्या पट्टीने दाबून बसवली. टेपच्या कडेवरून आधी छताचाच पांढरा रंग पातळ फिरवला, म्हणजे निळा आत झिरपत नाही. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी, हळू ओढली. रंग वाळला तर कडेने ब्लेड फिरवावं लागतं, नाहीतर टेपबरोबर पापुद्रा येतो. दोन बेडरूमचे फराटे अजून तसेच आहेत, आता पैसेच नाहीत.

विश्रामबाग, कुपवाड, मिरज, कुठेही कुणी कार्ड घेऊन आला आणि भिंती बघायच्या आधी मान वर करून तुमच्या छताचं कौतुक करायला लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.