मुलाखतीची असाइनमेंट चालवली आणि क्लाउडचं खातं लुटलं गेलं

बॅकएंडमध्ये, म्हणजे सर्व्हरकडच्या कोडवर, तीन-चार वर्षं काढली की नोकरी बदलायचे वेध लागतात. पगारात खरी उडी तेव्हाच मिळते. हे चोरांनाही पक्कं ठाऊक आहे.

मला नोकरीच्या एका साइटवर परदेशी कंपनीच्या रिक्रूटरचा मेसेज आला. सीनियर नोड (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) डेव्हलपर, पूर्ण रिमोट. बोलणं व्यवस्थित, प्रश्न मुद्द्याचे: इंडेक्स कधी लावता, क्यू तुंबली तर काय करता. पैसे कुणी मागितले नाहीत, म्हणून शंका यायला जागाच नव्हती. मग रेपोची, म्हणजे कोडच्या ऑनलाइन फोल्डरची, लिंक आली. एक्स्प्रेस या नोडच्या फ्रेमवर्कवरचा छोटासा पेमेंट एपीआय (पेमेंट हाताळणारा सर्व्हर प्रोग्रॅम), त्यातला बग काढायचा आणि कॉलवर स्क्रीन शेअर करून चालवून दाखवायचं. वेळ तासाभराचा.

रेपो क्लोन करा (आपल्या मशीनवर उतरवा), एनपीएम इन्स्टॉल मारा (लागणारी तयार पॅकेजेस बसवणारी कमांड), सर्व्हर सुरू करा. आमच्या कामाची सुरुवात रोज अशीच होते, आणि सापळा नेमका तिथेच लावलेला होता.

बग खरा होता आणि तो मी काढलाही. पण एरर हँडलरच्या फाइलमध्ये एका साध्या ओळीपुढे भरमसाट स्पेस टाकून, स्क्रीनच्या उजवीकडे पार नजरेआड, आणखी कोड दडवला होता. सर्व्हर सुरू होताच तो बाहेरून स्क्रिप्ट ओढून चालवायचा. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड गेले, गुप्त सेटिंग्जच्या डॉट ईएनव्ही फाइलमधल्या क्लाउडच्या कीज, म्हणजे खात्याच्या किल्ल्या, गेल्या. मी कधीच न वापरलेल्या रीजनमध्ये (क्लाउडच्या भौगोलिक विभागात) माझ्या नावावर मोठाले सर्व्हर उभे राहिले आणि बिल माझ्या कार्डावर आलं. रिक्रूटरचं प्रोफाइल तोवर गायब.

या प्रकाराला 'कंटेजियस इंटरव्ह्यू' म्हणतात. पालो आल्टो नेटवर्क्स या सायबरसुरक्षा कंपनीच्या युनिट ४२ या पथकाने तो २०२३ मध्ये उघड केला आणि त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. माझ्याबाबतीत पद्धत हुबेहूब तीच होती.

अनोळखी रेपो व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत वेगळ्या ठेवलेल्या आभासी कॉम्प्युटरवरच, चालवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको. आधी पॅकेज डॉट जेसन या प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या फाइलमधल्या स्क्रिप्ट्स वाचा, एडिटरमध्ये वर्ड रॅप चालू ठेवा, म्हणजे लांब ओळ दुमडून पूर्ण दिसते. एनपीएमचा 'इग्नोर स्क्रिप्ट्स' हा पर्याय लावून इन्स्टॉल केलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण त्याने फक्त इन्स्टॉलच्या वेळच्या स्क्रिप्ट्स थांबतात. सर्व्हर सुरू केल्यावर चालणारा कोड त्याने अडत नाही. फोल्डर उघडताना व्हीएस कोड हा एडिटर त्यावर विश्वास आहे का ते विचारतो, तिथे सवयीने 'हो' दाबू नका. समोरचा घाई करत असेल तर मुलाखत सोडून द्या, खरी कंपनी एक दिवस थांबते.

घात झालाच असेल तर त्या मशीनचं नेट तोडा. दुसऱ्या मशीनवरून सगळ्या कीज रद्द करा, पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा. कार्ड ब्लॉक करून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मशीनमध्ये ऑफिसचं काही असेल तर मॅनेजरला त्याच दिवशी सांगा. नोकरी शोधत होतो हे कळेल म्हणून गप्प बसलात, तर तेवढ्या वेळात चोर ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोचतो.